दोन्ही अंडाशय निरोगी

माझ्या बायकोचं मनगट मोडलं ते इथे इंदूरला, खजरान्याच्या गणपतीच्या देवळात. गर्दी, धक्काबुक्की असं काही नव्हतं. दर्शन झालं होतं. चपला घालायला ती एका पायावर उभी राहिली आणि फुलवाल्याने शिंपडलेल्या पाण्यावर तिचा पाय सरकला. पडली तीही बसल्यासारखीच. हात टेकला, एवढंच. शेजारची एक बाई हसून म्हणाली, "अरे आंटी, आराम से, बप्पा कहीं नहीं जा रहे." बायकोही हसली. मग तिचं हाताकडे लक्ष गेलं. हात असा वळलेला मी कधी पाहिला नव्हता.

पलासियाच्या हाडांच्या डॉक्टरांनी प्लास्टर घातलं. तरुण माणूस, आमच्या मुलीपेक्षा पाचसात वर्षांनी मोठा असेल. प्लास्टर ओलं असतानाच त्याने विचारलं, "आंटीजी, उम्र?"

"इक्यावन."

"इतना-सा गिरने में टूटना नहीं चाहिए था. पीरियड कब बंद हुए?"

"बारह साल हो गए. ऑपरेशन हुआ था. बच्चेदानी के साथ दोनों ओवरी भी निकाल दी थीं. खराब हो गई थीं."

"खराब मतलब? गाँठ थी? ट्यूमर?"

तिने माझ्याकडे पाहिलं. शरीराबद्दल कोणी काही विचारलं की लग्नापासून ती माझ्याकडे बघते, कारण मी बायोलॉजी शिकवतो. "अहो, सांगा ना. काय झालं होतं नेमकं?"

मी म्हणालो, "पुराने कागज देखने पड़ेंगे."

कागद बघायची मला गरज नव्हती. ते लोखंडी कपाटात, निळ्या फायलीत, शेवटून दुसरं पान होतं. प्रयोगशाळेचा रिपोर्ट. गर्भपिशवीबद्दल चार ओळी, तिच्या गाठींबद्दल तीन, आणि खाली इंग्रजीत एक ओळ. दोन्ही अंडाशय निरोगी.

मी पंचवीस वर्षं कोचिंगमध्ये शिकवतो आहे. हार्मोनचा धडा दर वर्षी हिवाळ्याच्या सुमाराला येतो. मी मुलांना सांगतो की इस्ट्रोजेन रक्तातून सगळीकडे जातं, ते कुणाची निवड करत नाही. ज्या पेशीत त्याचा रिसेप्टर असतो तीच पेशी त्याचं ऐकते, आणि ऐकून काय करायचं ते तिच्या स्वभावावर ठरतं. मग मी कचरागाडीचं उदाहरण देतो. सकाळी गाडीचं गाणं सगळ्या गल्लीला एकच ऐकू येतं, पण एका घरातून ओल्या कचऱ्याचा डबा निघतो, दुसऱ्यातून सुक्याचा, आणि एखादं दार उघडतच नाही. इस्ट्रोजेनने गर्भपिशवीचं अस्तर वाढतं. हाडात तेच इस्ट्रोजेन हाड झिजवणाऱ्या पेशींना आवरून धरतं. मेंदूत ते शरीराची गर्मी सांभाळायला मदत करतं. रिसेप्टरही दोन प्रकारचे, अल्फा आणि बीटा. कुठे एक जास्त, कुठे दुसरा, म्हणून एकच निरोप प्रत्येक जागी वेगळा लागू पडतो. हे सगळं मी न अडखळता सांगतो. मुलं म्हणतात, सर का हार्मोन बेस्ट है.

एका वर्षी मागच्या बाकावरून एका मुलीने विचारलं, "सर, गाड़ी आना ही बंद हो जाए तो?"

मी म्हटलं, "इंदौर में? हो ही नहीं सकता."

आमचं शहर स्वच्छतेत देशात पहिलं आलेलं, सगळा वर्ग खळखळून हसला. मुलगी मात्र उत्तराची वाट बघत उभी राहिली. मी तिला म्हणालो, "बेटा, ये सिलेबस में नहीं है," आणि फळा पुसला. माझ्या घरात गाडी बंद होऊन तेव्हा पाच वर्षं झाली होती.

ते कसं झालं ते सांगायचं तर महालक्ष्म्यांपासून सुरुवात करावी लागेल.

आमच्याकडे भाद्रपदात महालक्ष्म्या बसतात. आमचे पणजोबा संस्थानच्या दफ्तरात कारकून होते, त्यांच्या वेळेपासून मुखवटे तेच आहेत. तीन दिवसांचं काम, सोवळ्यातला स्वयंपाक, सोळा भाज्या, पुरण, आणि घरात सून एकच. लग्नाच्या पहिल्याच वर्षी बायकोची पाळी नेमकी पूजनाच्या दिवशी आली. आई एका शब्दाने बोलली नाही. पण दिवसभर एकटी राबली आणि संध्याकाळी पाठ धरून बसली. ते मला सहन झालं नाही. दुसऱ्या वर्षापासून मी पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या आणू लागलो. तारखाही मीच ठेवायचो. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर पेन्सिलने बारीक ठिपका, दर महिन्याला. गोळी कुठल्या दिवशी सुरू करायची, कधी थांबवायची, सगळा हिशोब माझा. आई कौतुकाने म्हणायची, "बरं झालं बाई, शिक्षणाचा काही उपयोग तरी झाला याच्या. नाहीतर बेडूकच चिरत बसला असता."

बायको हसायची. त्या दिवसांत तिला मळमळायचं, डोकं धरायचं. तरी नऊवारी नेसून ती पुरणाच्या परातीपुढे बसायची. तिचं शरीर त्या वर्षांत जणू माझ्या कॅलेंडरवर होतं. मला त्यात काही गैर वाटलं नाही. उलट, मी मदत करणारा नवरा आहे असं वाटायचं.

पुढे तिला गर्भपिशवीत गाठी झाल्या. त्या गोळ्यांमुळे झाल्या का, असं मी नंतर डॉक्टरीणबाईंना विचारलं होतं. त्यांनी नाही म्हणून सांगितलं, म्हणून तो दोष मी स्वतःकडे घेत नाही. माझा दोष वेगळा आहे. रक्तस्राव महिन्यातले बारा-बारा दिवस चालायचा, जिना चढताना तिला मधेच थांबावं लागायचं. एकोणचाळिसाव्या वर्षी गर्भपिशवी काढायचं ठरलं. तुकोगंजमधलं एक छोटं नर्सिंग होम होतं. आदल्या दिवशी तिने मला विचारलं, "फक्त पिशवी काढतात का सगळंच?" मी म्हणालो, "ते डॉक्टर बघतील. तू टेन्शन घेऊ नको." तिने टेन्शन घेतलं नाही.

ऑपरेशन दुपारचं होतं. बाहेर बाकावर मी आणि आई. आईच्या मांडीवर चहाचा थर्मास, त्याला तिने हात लावला नव्हता. साडेतीनच्या सुमारास डॉक्टरीणबाई दार अर्धं उघडून बाहेर आल्या, मास्क हनुवटीखाली.

"सर, यूटरस निकल रहा है, सब ठीक है. ओवरीज़ दोनों अच्छी दिख रही हैं. मेरा मन तो रखने का है, उम्र कम है. लेकिन कई लोग कहते हैं एक ही बार में सब निकाल दो, आगे कैंसर का डर न रहे. मैंने उनसे पूछा था. बोलीं, 'वो बायोलॉजीवाले हैं, उनसे पूछ लीजिएगा.' तो बताइए."

आईने मला विचारलं, "काय म्हणताहेत रे?"

"अंडाशय ठेवायचे का काढायचे, विचारताहेत."

"खराब आहेत?"

"नाही."

"मग असू देत की. दुखत नाही, खुपत नाही. आणि तिला विचारा ना, अंग तिचं आहे."

"आई, तिला भूल दिली आहे."

"मग देवाने दिलेलं आहे तसं राहू दे."

मी घड्याळात पाहिलं. हे लिहिताना लाज वाटते, पण पाहिलं. साडेचारला माझी बॅच होती. कोणाला तरी पाठवता आलं असतं, पण परीक्षा जवळ होती आणि मला वाटायचं माझ्याशिवाय होणार नाही. शिवाय डॉक्टरीणबाई माझ्याकडे एका शिकलेल्या माणसाकडे बघावं तशा बघत होत्या, आणि आई मधे बोलत होती. मी म्हणालो, "आई, तुला यातलं कळत नाही." आणि डॉक्टरीणबाईंना म्हणालो, "निकाल दीजिए. झंझट ही खत्म."

दार बंद झालं. अर्ध्या तासाने नर्स ट्रे घेऊन आली. घरच्यांना दाखवायची पद्धत आहे, काय काढलं ते. गर्भपिशवी गाठींनी वाकडीतिकडी झाली होती. तिच्या बाजूला दोन छोटे, पांढुरके, बदामाच्या आकाराचे अंडाशय. फळ्यावर मी काढतो अगदी तसे. इतकी वर्षं चित्रं काढली होती, खरे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले. आईने पदर तोंडाला लावला आणि दुसरीकडे बघितलं.

बायको शुद्धीवर आल्यावर, दुसऱ्या दिवशी, तिने विचारलं, "अंडाशयसुद्धा काढले? का हो?"

उत्तर माझ्याकडे होतं. मी काढायला सांगितले, हे ते उत्तर. तिचे ओठ कोरडे होते, हाताला सलाईन होतं, आणि मी म्हणालो, "खराब झाले होते."

"दोन्ही?"

"दोन्ही."

"चलो, वेळेवर कळलं," ती म्हणाली, आणि माझा हात धरून झोपली.

आई खोलीच्या दारात उभी होती. तिने हे ऐकलं. पुढे आठ वर्षं ती जगली, पण या विषयावर माझ्याशी एक शब्द बोलली नाही.

डॉक्टरीणबाईंनी हार्मोनच्या गोळ्या लिहून दिल्या होत्या. इतक्या लवकर अंडाशय गेले तर घ्यायच्या असतात, पन्नाशीपर्यंत तरी, असं त्यांनी समजावून सांगितलं होतं. मी एक पाकीट आणलं. मग कुठेतरी वाचलं की हार्मोनच्या गोळ्यांनी कॅन्सर होतो. ते कोणत्या बायकांबद्दल होतं, किती वयाच्या, कसल्या गोळ्या, हे नीट वाचलं नाही. पाकीट संपल्यावर दुसरं आणलं नाही. बायकोने विचारलं तर म्हणालो, "नको ती केमिकलं शरीरात." तिने मान हलवली.

नंतरची वर्षं कशी गेली ते मी तुकड्या-तुकड्यांनी आठवतो. ऐन जानेवारीत ती पहाटे उठून खिडक्या उघडायची, मला थंडी वाजायची. भांडणं झाली. मी पुढच्या खोलीत झोपायला गेलो आणि तिथेच राहिलो. ती चिडायची, मग रडायची, मग म्हणायची, "मला काय होतंय मलाच कळत नाही." नावं विसरायची. दुधापाशी उभी असताना दूध उतू जायचं. मी तिच्याजवळ गेलो की अंग आखडून घ्यायची. दोनतीनदा असं झाल्यावर मी एकदा म्हणालो, "तुझं मन राहिलं नाही माझ्यात." त्यानंतर मी कधी गेलो नाही. एका घरात, भिंतीच्या दोन बाजूंना, आम्ही दहा वर्षं व्यवस्थित संसार केला. सण झाले, मुलीचं शिक्षण झालं, ती नोकरीला बेंगळुरूला गेली.

मी त्या काळात दर हिवाळ्यात हार्मोनचा धडा शिकवत होतो. घरी यायचो आणि बायकोला विचारायचो, आज काय झालं चिडायला? दोन्ही गोष्टी माझ्या एकाच डोक्यात होत्या आणि एकमेकींना भेटत नव्हत्या. किंवा मी भेटू देत नव्हतो. आता वाटतं, दुसरंच खरं.

आईवर बायकोचा राग होता. ऑपरेशननंतर पहिल्या महालक्ष्म्यांना ती पूजेची भांडी घासताना मोठ्याने म्हणाली, "चला, आता आईंचं कॅलेंडर मोकळं झालं कायमचं." आई तिथेच फुलवाती वळत होती. तिने माझ्याकडे पाहिलं. मी पेपर वाचत होतो. मी पेपर वाचत राहिलो. त्यानंतर असे टोमणे वाढत गेले, आणि आई ते ऐकून घेत गेली. शेवटच्या दोनतीन वर्षांत आई तिच्याशी फार मऊ वागायची. तिच्या पाठीला तेल लावून द्यायची, तिच्यासाठी नाचणीची लापशी करायची. बायको ते घ्यायची, पण तिचा चेहरा बदलायचा नाही. चार वर्षांपूर्वी आई गेली.

हाडांच्या डॉक्टरने घनतेची तपासणी करायला सांगितली. रिपोर्ट बघून म्हणाला, "आंटीजी, हड्डियाँ आपसे बीस साल बड़ी हैं." दवा सुरू करायची होती. पण त्याआधी त्याला जुना रिपोर्ट हवाच होता. अंडाशयात गाठ होती का, आणि असेल तर कसली, यावर कुठलं औषध चालेल आणि कुठलं नाही ते ठरणार होतं. "अगले हफ्ते ले आइए, सर."

पुढच्या आठवड्यात मी निळी फाईल घेऊन गेलो. निघण्यापूर्वी त्यातलं शेवटून दुसरं पान काढून माझ्या पुस्तकांच्या कपाटात ठेवलं. हेही मीच केलं, छप्पन्न वर्षांच्या माणसाने. डॉक्टरने फाईल चाळली. "बायोप्सी की रिपोर्ट नहीं है इसमें."

"मिली नहीं," मी म्हणालो.

बायको म्हणाली, "ऐसे कैसे? ये तो बिजली के बिल भी दस-दस साल के रखते हैं, डॉक्टर साहब." ती हसत होती. मग हसायची थांबली. परत येताना रिक्षात ती बाहेर बघत बसली.

हात प्लास्टरमध्ये म्हणून स्वयंपाक माझ्याकडे होता. चौथ्या दिवशी दुपारी मी पोहे केले. त्यांचा गिचका झाला होता. ती ताटलीसमोर बसली, पण खाईना.

"एक विचारू? खरं सांगाल?"

"विचार."

"मला कॅन्सर होता ना?"

मी कढईपाशी उभा होतो.

"मी सगळं जोडून बघितलं," ती म्हणाली. "दोन्ही खराब झाले म्हणाला होतात. कसे खराब, ते कधी सांगितलं नाहीत. गोळ्या बंद केल्या. वेगळे झोपायला गेलात. आणि आई शेवटी शेवटी इतक्या गोड का वागायला लागल्या? त्यांना माहीत असणार. आता रिपोर्ट गायब केलात. मतलब, मी एवढीही बावळट नाही हो."

"नव्हता कॅन्सर."

"खोटं नका बोलू. मी काल लेकीला फोन केला. म्हटलं, आईला होऊन गेलाय, तू पण तपासून घे. ती ऑफिसमध्ये रडत होती."

मी बारा वर्षं स्वतःला सांगत आलो होतो की खरं सांगून आता तिला काय मिळणार आहे? त्रासच होईल. आता ती माझ्यासमोर एका नसलेल्या कॅन्सरला घाबरत बसली होती आणि बाराशे किलोमीटरवर आमची मुलगी घाबरत होती. मी गॅस बंद केला, आतून तो कागद आणला आणि तिच्यापुढे ठेवला.

तिने डाव्या हाताने कागद धरला. ओठ हलवत एकेक ओळ वाचली. खालच्या ओळीवर थांबली. पुन्हा वाचली.

"नॉर्मल?"

"हो."

"म्हणजे कॅन्सर नव्हता!" ती एकदम हसली. डोळ्यांतून पाणी आलं. फोन ओढून घेतला. "अगं, नव्हतं काही! हौ, रिपोर्ट मिळाला, तुझ्या बाबांनीच कुठेतरी ठेवला होता... नाही गं, एकदम नॉर्मल. तू जेव आधी." फोन ठेवला. हसू अजून चेहऱ्यावर होतं. कागद तिने परत उचलला आणि ते हळूहळू उतरत गेलं.

"नॉर्मल होते. मग काढले का?"

"मला बाहेर येऊन विचारलं. मी काढा म्हणालो."

"आणि ते खराब झाले होते?"

"ते मी तुला खोटं सांगितलं."

तिने कागद ताटलीशेजारी ठेवला. मग म्हणाली, "आईंनी सांगितलं असेल. झंझट नको म्हणून."

तिने मला सुटायला दार उघडून दिलं होतं. तेवढ्यातून बाहेर पडता आलं असतं. आई काही आता येऊन नाही म्हणणार नव्हती. हा एक क्षण मला माझ्याबद्दल थोडं बरं बोलू देतो, म्हणून लिहितो. मी म्हणालो, "नाही. आई म्हणाली होती, असू देत. तिला विचारा, अंग तिचं आहे. मी तिला गप्प केलं."

तोपर्यंत ती रडली नव्हती. आता तिचा चेहरा फुटला. "आईंनी असं म्हटलं होतं?"

"हो."

"आणि मी त्यांना आठ वर्षं बोलत राहिले. तुमच्यासमोर. तुम्ही ऐकत होतात."

"हो."

"त्या तेल लावायच्या मला. मी नीट बोलले नाही हो त्यांच्याशी शेवटपर्यंत."

माफ कर, असं मी म्हणालो. शब्द इतका छोटा निघाला की मलाच नीट ऐकू आला नाही.

तिने पदराने तोंड पुसलं. "कशाकशाची माफी? नीट सांगा. बायोलॉजीवाले आहात ना? मुलांना शिकवता तसं सांगा. हे हाड त्याच्याचमुळे?"

मी तिच्यासमोर खाली बसलो. "बरंचसं. हाड रोज थोडं झिजतं आणि थोडं भरतं. इस्ट्रोजेन झिजणं आवरतं. ते गेलं की आवरणारं कमी होतं."

"आणि अंगाची लाही व्हायची ती?"

"मेंदूत गर्मी-थंडी सांभाळणारी जागा असते. तीही त्याचं ऐकत असते. ते अचानक गेलं की ती गोंधळते."

"झोप?"

"तीही."

"विसरायचे ते? चिडायचे ते?"

"त्यातलं काही. सगळंच तेवढ्याने असं नाही सांगता येत. पण बरंच."

"सारखी उन्हाळी लागायची. तुम्ही म्हणायचात पाणी पीत नाहीस."

"लघवीच्या मार्गाचं अस्तर पातळ होतं. तिथेही रिसेप्टर असतात."

ती थांबली. ताटलीतले पोहे तिने चमच्याने एका बाजूला केले. पुढचं तिने माझ्याकडे न बघता विचारलं. "आणि मला तुम्ही जवळ आलेले सोसायचं नाही, ते?"

"तिथलीही त्वचा कोरडी पडते. दुखतं. तुझं चुकत नव्हतं."

"तुम्ही म्हणाला होतात, तुझं मन राहिलं नाही माझ्यात."

"हो."

"मी ते खरं धरून चालले. मला वाटायचं, दुखतं म्हणजे खरंच मन नसेल. मी देवासमोर बसून विचारायचे, माझं मन कुठे गेलं म्हणून." ती उठली. "याला औषध होतं?"

"होतं. आहे. डॉक्टर देतात."

"आणि ती गोळी, जी तुम्ही बंद केली?"

"ती चालू ठेवायला हवी होती. निदान डॉक्टरांना विचारायला हवं होतं."

"मला विचारायला हवं होतं," ती म्हणाली आणि आत गेली. पंचवीस वर्षांत तिला मी पहिल्यांदा तो धडा शिकवला होता. मागच्या बाकावरच्या मुलीला जे उत्तर दिलं नव्हतं तेच, इतक्या उशिरा, स्वयंपाकघरात.

त्यानंतरचे दिवस फार शांत गेले. तिने आरडाओरडा केला असता तर बरं वाटलं असतं. ती मला चहा विचारायची, मी तिची वेणी घालायला जायचो तर म्हणायची, "राहू द्या, खालच्या वहिनी घालून देतील." मुलीला तिने काही सांगितलं नाही. मला माहीत आहे, कारण मुलगी माझ्याशी पूर्वीसारखीच बोलते. रोज फोनवर ती "बाबा" म्हणते तेव्हा मी वाट बघतो की आता विचारेल. विचारत नाही. एकदा बायको आईच्या फोटोसमोर उभी होती. मी खोलीत गेलो तर ती बाहेर निघून गेली. मी एकटा फोटोसमोर राहिलो, आणि मला तिथे उभं राहवलं नाही.

डॉक्टरकडे जायच्या दिवशी रिपोर्ट तिने स्वतःच्या पर्समध्ये ठेवला. मी बरोबर गेलो, कारण डावा हात एकटा जिन्यावर पुरत नाही. नंबर आला तेव्हा मीही उठलो. ती म्हणाली, "तुम्ही बसा."

दार पूर्ण लागत नव्हतं. आतून डॉक्टरचा आवाज आला, "सर नहीं आ रहे? उन्हें भी बुला लीजिए, समझाने में आसानी होगी."

"नहीं. मुझे समझाइए. धीरे-धीरे बताइए, मैं पूछती जाऊँगी."

आणि ती विचारत गेली. हे इंजेक्शन किती वर्षं. त्याने दातांना काही होतं का. हार्मोनची गोळी आता घेता येईल का, का वेळ निघून गेली. घेतली तर फायदा किती, धोका किती. ती कोरडेपणाबद्दलही बोलली, आवाज खाली करून, पण बोलली. काही प्रश्नांची उत्तरं मला येत होती. बाहेरच्या खुर्चीत बसून मी ती मनातल्या मनात देत होतो. काही प्रश्न मला कधी सुचलेच नव्हते.

वीस-पंचवीस मिनिटांनी ती बाहेर आली. मी उभा राहिलो.

"काय ठरलं?"

"ठरलं."

"काय पण?"

"माझं मी ठरवलंय. सांगेन सांगावंसं वाटलं की."

खाली रस्त्यावर गाड्यांचा गोंगाट होता. मी रिक्षाला हात केला. ती म्हणाली, "नको. रोज चालायला सांगितलंय. मी चालत जाते."

"मी येतो बरोबर."

तिने थोडा विचार केला. "या. पण काही बोलू नका."

ती पुढे निघाली, प्लास्टरचा हात पोटाशी धरून. सिग्नलपाशी मी तिच्या कोपराला आधार द्यायला हात पुढे केला. तिने तो पाहिला आणि दुसऱ्या बाजूला झाली. मग गाड्या थांबल्या आणि ती रस्ता ओलांडू लागली. मी दोन पावलं मागून तिच्याबरोबर चालत राहिलो.